टॅक्स वाढला की चोरटी सिगारेट वाढते? दक्षिण आफ्रिकेचं प्रकरण

१ फेब्रुवारी २०२६ पासून आपल्याकडे सिगारेटवर नवं उत्पादन शुल्क लागलं, हजार सिगारेटमागे लांबीप्रमाणे २,०५० ते ८,५०० रुपये आणि वर ४० टक्के जीएसटी, आणि लगेच एक वाक्य सगळीकडे फिरायला लागलं की आता चोरटा माल, म्हणजे टॅक्स न भरलेली सिगारेट, बोकाळणार. बोकाळेल की नाही हे भांडण करण्यापेक्षा ज्या देशात हा प्रयोग तीस वर्षं चाललाय, आणि जिथे चोरटा माल खरंच बोकाळला, त्याचा हिशोब बघितलेला बरा. तो देश म्हणजे दक्षिण आफ्रिका. तिथलं प्रकरण मला आवडतं कारण टॅक्स हटाववाले आणि टॅक्स वाढवावाले दोघंही त्याचाच दाखला देतात, फक्त वेगवेगळी वर्षं दाखवतात.

आधी पार्श्वभूमी, पटकन. १९९४ ला वर्णभेदी राजवट गेली, मंडेलांचं सरकार आलं, आणि त्यांनी ठरवलं की सिगारेटच्या किमतीत टॅक्सचा वाटा निम्म्यापर्यंत न्यायचा. मग वर्षामागून वर्ष शुल्क वाढत गेलं. १९९३ ते २००९ या काळात महागाई वजा करूनसुद्धा पाकिटाची किंमत जवळपास तिप्पट झाली, माणशी सिगारेटी जवळपास निम्म्यावर आल्या, आणि तरी सरकारचा महसूल वाढला. सोबत १९९९ चा कायदा आला, जाहिराती बंद, सार्वजनिक जागी ओढणं बंद. तेव्हा आरोग्य मंत्रालय न्कोसाझाना द्लामिनी-झुमा यांच्याकडे होतं, हे नाव लक्षात ठेवा, वीस वर्षांनी ह्या बाई परत येतात.

आता इथेच एक गोष्ट नोंदवून ठेवा. टॅक्स सगळ्यात जोरात वाढला तो हा काळ, आणि 'टॅक्स वाढला की तस्करी वाढते' हा नियम पक्का असता तर चोरटी सिगारेट याच काळात फोफावायला हवी होती. फोफावली का? सिगारेट कंपन्यांची संघटना म्हणत होती की हो, भयंकर. पेपरात त्यांचेच आकडे छापून यायचे कारण दुसऱ्या कोणाकडे आकडाच नव्हता. केप टाउन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ कॉर्ने व्हॅन वॉलबीक आणि त्यांच्या सहकाऱ्याने नंतर हे सगळे छापून आलेले आकडे वर्षवार लावून बघितले तर गंमत दिसली. दरवर्षी बातमी अशी की चोरटा हिस्सा वाढून इतका झाला, पण काही वर्षांनी तीच संघटना मागच्या वर्षांचे आकडे गुपचूप खाली आणायची. मागचा आकडा खाली आणला की आजचा आकडा आपोआप 'वाढलेला' दिसतो, वेगळं काही करावं लागत नाही. बजेटच्या तोंडावर अशी बातमी आली की अर्थमंत्र्यांवर दबाव येतो, एवढं साधं गणित.

मग मोजायचं कसं?

चोरट्या मालाची पावती नसते, त्यामुळे सरळ मोजता येत नाही, अंदाजच बांधावा लागतो. इथे जरा थांबूया कारण बहुतेक लेखांत हा भाग दोन ओळींत उरकतात आणि खरा लोच्या इथेच असतो.

पहिली पद्धत म्हणजे फरक काढणं. घरोघरच्या सर्व्हेवरून देशात किती सिगारेटी ओढल्या गेल्या ते काढायचं, शुल्काच्या जमेवरून किती सिगारेटींवर टॅक्स भरला गेला ते काढायचं, आणि दुसरा आकडा पहिल्यातून वजा करायचा. उरला तो चोरटा माल. ऐकायला सोपं आहे. आता समजायला सोपे म्हणून मनाचे आकडे घेतो. समजा एक कोटी लोक ओढतात आणि सर्व्हेत सरासरी रोज ८ सांगतात. वर्षाला माणशी २,९२० सिगारेटी, म्हणजे १४६ पाकिटं, देशभरात १४६ कोटी पाकिटं. टॅक्स भरला गेला ११० कोटी पाकिटांवर. फरक ३६ कोटी, म्हणजे साधारण २५ टक्के माल चोरटा. पण लोक सर्व्हेवाल्याला कमी सांगतात हो, सगळ्या जगात कमी सांगतात. खरा आकडा ८ ऐवजी ९ असेल तर एकूण १६४ कोटींच्या वर जातो, फरक ५४ कोटी, आणि चोरटा हिस्सा एकदम ३३ टक्के! एका सिगारेटच्या थापेने २५ चे ३३ झाले. म्हणून कोणी एकच आकडा फेकला, 'चोरटी सिगारेट अमुक टक्के', की मी आधी विचारतो की ओढणाऱ्यांची थाप किती धरलीत.

पण याच पद्धतीत एक सुटका पण आहे. लोक थाप मारतात हे खरं, पण दरवर्षी साधारण सारख्याच प्रमाणात मारतात असं धरलं तर एका वर्षाचा आकडा डळमळीत असला तरी वर्षानुवर्षांचा कल बऱ्यापैकी भरवशाचा निघतो. निकोल वेलिओस, व्हॅन वॉलबीक आणि हाना रॉस यांनी २००२ ते २०१७ साठी नेमकं हेच केलं, देशातले वेगवेगळे सर्व्हे घेतले आणि कल काढला. २००९ पर्यंत चोरटा हिस्सा छोटा होता, २००९ ला ५ टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर चढायला लागला, २०१५ नंतर तर सुसाट, आणि २०१७ ला ३० ते ३५ टक्के.

दुसरी पद्धत किमतीची, आणि ती मला जास्त आवडते कारण तिला कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत शुल्क सगळ्या सिगारेटींना सारखं आहे, भारी ब्रँड असो की हलका. २०१८ ला २० च्या पाकिटावर शुल्क १५.५२ रँड (तिथलं चलन) होतं, त्यावर १५ टक्के व्हॅट धरला तर १७.८५ रँड. म्हणजे तंबाखू फुकट, कागद फुकट, मजूर फुकट, दुकानदाराने नफाच घेतला नाही असं धरलं तरी पाकीट १७.८५ च्या खाली विकणं परवडूच शकत नाही. मग कुठल्या दुकानात पाकीट १० रँडला मिळत असेल तर त्यावर टॅक्स भरलेला नाही, बास, पुढे चर्चा नको. दुकानं फिरायची, ओढणाऱ्यांना शेवटचं पाकीट कितीला घेतलं विचारायचं, पाकीट न घेता एकच सुटी सिगारेट घेतली असेल तर तिची किंमत वीसने गुणायची. संशोधकांनी टाउनशिपमध्ये, म्हणजे तिथल्या गोरगरिबांच्या वस्त्यांमध्ये असे सर्व्हे केले, आणि कंपन्यांच्या संघटनेनेही २०१८ ला इप्सॉस या सर्व्हे कंपनीकडून दुकानं तपासून घेतली, आणि यावेळी दोन्ही बाजूंना एकच चित्र दिसलं की या रेषेखालचा माल उघड्यावर, स्पाझा शॉपमध्ये (आपली टपरीच, फक्त बहुतेकदा घराला चिकटलेली) राजरोस विकला जातोय.

या पद्धतीची कमजोरी अशी की चोरटा माल पूर्ण भावाने विकला तर तो पकडला जात नाही. म्हणजे हा आकडा कमीत कमी समजायचा. आणि हे पण ऐकून ठेवा की १७.८५ च्या खाली विकणं हा तिथे स्वतःहून गुन्हा नाही, किमान किमतीचा कायदाच नाहीये. पुरावा समोर शेल्फवर, पण दुकानदाराला पकडायला कलम नाही.

२०१० नंतर नेमकं झालं काय

आता मुख्य मुद्दा. २०१० ला पाकिटावर शुल्क ८.९४ रँड होतं, २०१७ ला १४.३०. दिसायला मोठी वाढ, पण मधल्या वर्षांची महागाई काढून टाका, वर्षाला फार तर एक-दोन टक्के खरी वाढ उरते. म्हणजे ज्या पंधरा वर्षांत टॅक्स खरोखर उड्या मारत होता तेव्हा चोरटा माल चिमूटभर, आणि टॅक्स जवळपास जागच्या जागी चालायला लागला तेव्हा चोरटा माल सहा-सात पट. टॅक्समुळे तस्करी होते म्हणणाऱ्यांनी या दोन ओळी शेजारी ठेवून उत्तर द्यावं, मला अजून नीट उत्तर मिळालेलं नाही. एक अर्धं उत्तर आहे ते मान्य करतो. टॅक्स जेवढा जास्त तेवढा न भरण्यात फायदा जास्त, म्हणजे लालूच तर टॅक्सनेच तयार केली. पण लालूच १९९५ लाही होती, २००५ लाही होती. लालचेला रान मोकळं कधी मिळालं ते बघावं लागेल.

आणि ते बघायला महसूल खात्यात जावं लागतं. साउथ आफ्रिकन रेव्हेन्यू सर्व्हिस, लोक 'सार्स' म्हणतात (आजाराशी काही संबंध नाही). २०१३ च्या आसपास या खात्याने सिगारेट कंपन्यांच्या मागे लागायला एक खास मोहीम काढली होती, प्रोजेक्ट हनी बॅजर, आणि कारवाया जोरात होत्या. सप्टेंबर २०१४ ला राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांनी टॉम मोयाने यांना आयुक्त नेमलं. महिन्याभरात तिथल्या 'संडे टाइम्स' या पेपरमध्ये खळबळजनक बातम्या सुरू झाल्या की खात्यात एक बेकायदा हेरगिरी करणारं युनिट आहे. या बातम्यांबद्दल पेपरने २०१६ ला माफी मागितली, पण तोपर्यंत काम झालं होतं. अनुभवी अधिकारी गेले, काढले गेले किंवा कंटाळून सोडून गेले, तपासाची युनिटं मोडली, आणि सिगारेटवाल्यांवरची नजर हटली. हे मी हवेत बोलत नाहीये, निवृत्त न्यायमूर्ती रॉबर्ट न्यूजंट यांच्या आयोगाने २०१८ ला हे सगळं खणून काढलं, त्यांच्या अहवालात खातं कसं पोखरलं गेलं याचं वर्णन आहे आणि मोयानेंना त्याच वर्षी घरी पाठवलं गेलं.

आता चोरट्या हिश्श्याचा वरचा कल आठवा, २०१५ पासून सुसाट. तारखा इतक्या तंतोतंत जुळतात की अंगावर येतं. दर वाढत असताना सिगारेटमधून येणारं शुल्क मात्र घसरायला लागलं, आणि तेवढ्या प्रमाणात लोकांनी ओढणं काही कमी केलेलं नव्हतं.

इथे 'तस्करी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर येतं तसं चित्र नाहीये, रात्री बोटीतून पेट्या उतरवतायत वगैरे. झिंबाब्वेतून लिंपोपो नदी ओलांडून माल येतो हे खरं, रेमिंग्टन गोल्डसारखे तिकडचे ब्रँड दुकानात दिसतातही, पण मोठा हिस्सा देशातच, लायसन असलेल्या कारखान्यात बनतो. पद्धत अशी की कारखानदाराने स्वतःच महिन्याला सांगायचं की बाबा मी एवढं उत्पादन केलं आणि एवढं शुल्क लागू. समजा दहा बनवले आणि सहा सांगितले तर चार फुकट सुटले. दुसरा मार्ग, शेजारच्या देशात निर्यात दाखवायची म्हणजे शुल्क माफ, आणि ट्रक सीमेपर्यंत जायचाच नाही, नाहीतर जाऊन परत यायचा. पाकिटावर डायमंड नावाची खूण असते, पण ती कंपनीच छापते, त्यावरून या पाकिटाचा टॅक्स भरलाय की नाही हे कोणालाच कळत नाही. थोडक्यात सगळी भिस्त तपासणीवर. आणि तपासणारे २०१४ नंतर घरी.

लॉकडाउनची वीस आठवडे

२७ मार्च २०२० ला तिथे लॉकडाउन लागलं आणि सिगारेट विक्रीवर पूर्ण बंदी आली. जगात फार थोड्या देशांनी असं केलं. राष्ट्राध्यक्ष रामाफोसा २३ एप्रिलला टीव्हीवर म्हणाले की मे पासून विक्री सुरू होईल, आणि आठवड्याच्या आत त्यांच्या मंत्री द्लामिनी-झुमा (आल्या बघा परत) यांनी सांगितलं की नाही, बंदी चालूच. लोकांनी मीम्सचा पाऊस पाडला, ते सोडा. मोजमापाच्या दृष्टीने मात्र ही वेळ सोन्यासारखी होती, कारण सगळी विक्री बेकायदा, म्हणजे 'किती टक्के चोरटं' हा प्रश्नच उरला नाही. उरला फक्त हा प्रश्न की चोरट्या बाजाराची ताकद किती.

केप टाउन विद्यापीठाच्या गटाने ऑनलाइन सर्व्हे केले. ऑनलाइन असल्यामुळे गरीब माणूस त्यात कमी आला, ही त्यातली उणीव आहेच. जूनमध्ये जे लोक अजून ओढत होते त्यांच्यातल्या ९३ टक्के लोकांनी बंदीतही सिगारेट विकत घेतली होती. किंमत मात्र बंदीआधीच्या मानाने सरासरी २५० टक्क्यांनी जास्त, म्हणजे साडेतीन पट. एवढ्या मोठ्या देशात पोलीस, लष्कर रस्त्यावर असताना माल घरापर्यंत पोचत होता! ही साखळी मार्चमध्ये एका रात्रीत उभी राहिलेली नाही, ती आधीच्या पाच-सहा वर्षांत उभी झालेली होती, बंदीने फक्त तिला भरपूर पैसा आणि नवीन गिऱ्हाईक मिळवून दिलं. जे लोक आयुष्यभर दुकानातून ब्रँडेड पाकीट घ्यायचे त्यांना पण आता एक 'माणूस' माहीत झाला होता, त्याचा फोन नंबर सेव्ह होता.

दुसरं असं की बंदी उठल्यावर बाजार जसा होता तसा परत आला नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा वाटा घसरला आणि छोट्या स्थानिक कंपन्यांचा वाढला. १७ ऑगस्टला बंदी संपली, डिसेंबरमध्ये वेस्टर्न केपच्या हायकोर्टाने ती घटनाबाह्य होती असंही सांगितलं (त्याआधी जूनमध्ये प्रिटोरियाच्या कोर्टाने स्थानिक कंपन्यांच्या संघटनेची अशीच याचिका फेटाळली होती, हे पण खरं), पण फोन नंबर सेव्हच राहिले. वेलिओस यांच्या नंतरच्या मोजणीत चोरटा हिस्सा २०२१ ला ६० टक्के आणि २०२२ ला ५८ टक्के आला. दर पाच सिगारेटींतल्या तीन! बंदी घालून जे झालं त्याचा दोष टॅक्सला देता येत नाही, पण आज वादात तो सर्रास दिला जातो. 'बघा २०२१ ला शुल्क ८ टक्के वाढवलं आणि बाजार कोसळला' असं म्हणणारे बंदीची वीस आठवडे आलेखातून सोयीस्करपणे पुसून टाकतात.

मग टॅक्स कमी केला असता तर?

हा प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा, कारण ५८ टक्के माल टॅक्सच्या बाहेर असेल तर टॅक्स वाढवून सिगारेट कमी करायचं हत्यार बोथट झालेलंच असतं, ते मी नाकारत नाही. टॅक्स वाढवला तर वाढ फक्त उरलेल्या ४२ टक्क्यांना लागते आणि त्यातले काही जण पलीकडच्या दुकानात जातात.

पण कमी करून बघा, आकड्यात. २०२० ला शुल्क १७.४० होतं, व्हॅट धरून २० रँड. कायदेशीर पाकिटाची तळाची किंमत २० आणि वर बनवायचा खर्च आणि नफा. चोरट्या पाकिटाला फक्त बनवायचा खर्च आणि नफा. सरकारने शुल्क निम्मं केलं तरी चोरट्यावर १० रँड वाचतातच, म्हणजे त्याला धंदा सोडायचं कारण काय? त्याने दोन रँड कमी केले की परत तोच स्वस्त. बरोबरी करायची तर टॅक्स शून्याजवळ न्यावा लागेल, आणि मग ज्या महसुलासाठी रडतोय तो चोराने नाही, आपणच सोडून दिला असं होईल. कुलूप मोडकं आहे म्हणून दागिने स्वस्तात फुंकून टाकायचे, यातला प्रकार.

कुलपाचं काय झालं ते पण सांगतो. २०१९ ला नवे आयुक्त एडवर्ड किझवेटर आले. त्याच वर्षी प्रत्येक पाकिटाला कारखान्यापासून दुकानापर्यंत ट्रॅक करता येईल अशा सिस्टिमचं टेंडर निघालं होतं, ते २०२० ला रद्द केलं गेलं. चोरट्या तंबाखूविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर दक्षिण आफ्रिकेने २०१३ ला सही केली आहे, संसदेची मोहोर मात्र वर्षानुवर्षं रखडत राहिली. २०२२ ला कारखान्यांमध्ये कॅमेरे बसवायचा नियम काढला, तर स्थानिक कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. बहुराष्ट्रीय कंपन्या म्हणतात किमान किंमत ठरवा, आणि यात त्यांचा स्वार्थ सरळ दिसत असला तरी मागणी अगदीच वाईट नाही, कारण निदान शेल्फवरच्या स्वस्त पाकिटाला गुन्हा म्हणता येईल. पण स्पाझा शॉपमध्ये सिगारेट सुटी विकली जाते आणि त्या सुट्या सिगारेटींचं पाकीट काउंटरखाली असतं, मग ती किंमत तपासणार कोण आणि कशावर?

आपल्याकडे हाच प्रश्न जास्त किचकट आहे. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी आहे, कागदावर. शिवाय आपला टॅक्स सिगारेटच्या लांबीप्रमाणे बदलतो, त्यामुळे १७.८५ सारखी एकच रेषा ओढता येत नाही, आधी सिगारेट मोजायला लागते आणि मग टॅक्स. आणि टॅक्सची झळ लागलेला माणूस आपल्याकडे चोरट्या सिगारेटकडेच जाईल असंही नाही, बिडी आहेच की. एक सोय मात्र आपल्याकडे आहे, पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा २०१६ पासून सक्तीचा आहे, आणि परदेशी चोरट्या पाकिटावर तो सहसा नसतो, म्हणजे रिकामी पाकिटं गोळा केली की बरंच कळतं. रिजो जॉन आणि हाना रॉस यांनी काही शहरांतल्या दुकानांतून अशी पाकिटं गोळा करून तपासली, २०१८ ला छापून आलं, चोरटी निघाली २.७३ टक्के. उद्योगाकडून सांगितला जाणारा आकडा तेव्हा पाव हिश्श्याच्या आसपास होता. अर्थात देशातच बनवून लपवलेला माल या पद्धतीत सापडत नाही, त्यावर इशारा व्यवस्थित छापलेला असू शकतो, आणि दक्षिण आफ्रिकेत तर सगळा घोळ नेमका तिथेच होता. त्यामुळे नवीन शुल्कानंतर मोजायचं असेल तर रिकाम्या पाकिटांसोबत कारखान्याची वीज, फिल्टरची खरेदी, सिगारेटच्या कागदाची आयात हे पण ताडून बघायला लागेल, आणि ते सर्व्हेवाल्यांच्या हातात नाही, जीएसटी खात्याकडेच असतं.